जॉनी थंडर्सचा 'सो अलोन' कसा ऐकावा

न्यूयॉर्कचा गिटारवादक जॉनी थंडर्स याचा 'सो अलोन' हा पहिला एकल अल्बम ऑक्टोबर १९७८ मध्ये रिअल रेकॉर्ड्स या ब्रिटिश कंपनीने प्रसिद्ध केला. नावाचा अर्थ 'इतका एकटा' असा सरळ आहे; परंतु श्रेयनामावलीत डझनाहून अधिक वादक-गायक आहेत आणि त्यांतले अनेकजण ब्रिटिश रॉकच्या इतिहासात स्वतःच्या बळावर उभे आहेत. शिवाय दहा गाण्यांपैकी सहा जुनी आहेत: तीन इतरांची, तीन थंडर्सच्या पूर्वीच्या बँडच्या दिवसांतली. मग यात 'एकल' ते काय उरले, हा प्रश्न कोणालाही पडेल. माझा अनुभव असा, की हाच प्रश्न हाताशी धरून ऐकायला बसावे. प्रत्येक गाण्याला 'इथे याच्या सोबत कोण आहे आणि हे याने कोणाकडून घेतले' एवढेच विचारत गेले, तरी एरवी विस्कळीत वाटणारा हा अल्बम एकसंध वाटू लागतो. पुढची सूचनावजा माहिती त्याच अंगाने दिली आहे.

आधी आवृत्तीचे पाहावे. मूळ तबकडीवर दहाच गाणी होती, प्रत्येक बाजूला पाच. १९९२ मध्ये जी सीडी आली तिच्यात आणखी चार गाणी जोडली गेली आणि त्यांत 'सो अलोन' हे शीर्षकगीतही होते. म्हणजे ज्या गाण्याच्या नावाने अल्बम ओळखला गेला, ते मूळ अल्बमवर नव्हतेच. मी स्वतः हा अल्बम प्रथम वाढीव आवृत्तीत ऐकला आणि बराच काळ ते शीर्षकगीत म्हणजे अल्बमचा ठरवून केलेला समारोप आहे अशा समजुतीत होतो. त्या समजुतीमुळे सगळ्या अल्बमवर एक काळोखी छाया पडली होती, आणि ती छाया अल्बमने नव्हे, सीडीने पाडली होती. म्हणून समोर आलेल्या यादीत दहापेक्षा जास्त गाणी दिसली, तर पहिल्या खेपेला 'पाइपलाइन'पासून 'डाउनटाउन'पर्यंतच ऐकावे आणि थांबावे. जोडगाण्यांत ब्रिटिश गायक मार्क बोलन याचे 'द विझार्ड' आहे, 'डेड ऑर अलाइव्ह' हे वेगळे निघालेले गाणे आहे; ती ऐकण्यासारखीच आहेत, पण दुसऱ्या दिवशी.

पाचव्या गाण्यानंतर मिनिटभर शांतता ठेवावी, हीही माझी आग्रहाची सूचना आहे. तबकडी उलटायला उठावे लागत असे त्या काळातला हा अल्बम आहे आणि दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे नव्याने दार उघडल्यासारखे सुरू होते. मोबाइलवर ही सोय आपली आपणच करून घ्यावी लागते. गाणी मागेपुढे करून वाजवण्याचे बटण अर्थातच बंद असावे. पूर्ण अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो. एवढा वेळ सलग काढता येत नसेल, तर एक बाजू आज आणि एक उद्या ऐकणे हे तुकड्यातुकड्यांनी ऐकण्यापेक्षा केव्हाही बरे.

साधनांबद्दल फार बोलण्याची गरज नाही. मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण त्यात बेस गिटार जवळजवळ नाहीसे होते आणि या अल्बममध्ये बेस आणि ढोल यांची जोडी हाच पाया आहे. साधे तारेचे हेडफोन पुरतात. आवाज गडद करणारी जी कृत्रिम सोय (बेस बूस्ट) हल्ली प्रत्येक उपकरणात असते ती बंद ठेवावी. थंडर्सची गिटार मधल्या स्वरपट्ट्यात बोलते आणि ती सोय नेमका तोच पट्टा झाकून टाकते.

ऐकण्यापूर्वी माणसाची थोडी ओळख असावी, पण थोडीच. जॉन अँथनी जेन्झाले हे त्याचे खरे नाव. जन्म १५ जुलै १९५२ रोजी, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात. 'न्यूयॉर्क डॉल्स' या बँडचा तो गिटारवादक. या बँडचे दोन अल्बम १९७३ आणि १९७४ मध्ये आले, विकले फारसे गेले नाहीत, परंतु बायकी पोशाख, उंच टाचांचे बूट आणि ढोबळ, भरधाव रॉक अँड रोल यांचे त्यांनी केलेले मिश्रण पाहून पुढच्या पंक पिढीला, म्हणजे उद्धट आणि बिनसजावटीचे रॉक वाजवणाऱ्या पोरांना, आपणही उभे राहू शकतो असे वाटले. १९७५ मध्ये थंडर्स आणि ढोलवादक जेरी नोलन यांनी डॉल्स सोडली आणि रिचर्ड हेल याला बरोबर घेऊन 'हार्टब्रेकर्स' हा बँड काढला. हेल पुढे बाहेर पडला. वॉल्टर ल्यूर आणि बिली रॅथ हे दोघे मात्र टिकले. डिसेंबर १९७६ मध्ये हार्टब्रेकर्स इंग्लंडला गेले ते सेक्स पिस्टल्स, द क्लॅश आणि द डॅम्ड या लंडनच्या पंक बँडांसोबतच्या 'अॅनार्की' दौऱ्यासाठी. त्या दौऱ्यातले बरेचसे कार्यक्रम रद्द झाले, तरी थंडर्स लंडनमध्ये रुळला. १९७७ मध्ये निघालेल्या हार्टब्रेकर्सच्या 'एल.ए.एम.एफ.' या अल्बमचे ध्वनिमिश्रण इतके गढूळ झाले, की त्यावरूनच नोलनने बँड सोडला. 'सो अलोन' आला तो या पडझडीनंतर.

याहून अधिक चरित्र पहिल्या खेपेला वाचू नये असे मी म्हणेन. थंडर्सचे हेरॉइनचे व्यसन आणि २३ एप्रिल १९९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी झालेला त्याचा मृत्यू, या दोन गोष्टींनी त्याच्या संगीताला इतके वेढून टाकले आहे, की अनेक श्रोते प्रत्येक सुरात मरणाची चाहूल शोधत बसतात. हा अल्बम आला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि अल्बमभर चेष्टामस्करी आहे, उधारउसनवारी आहे, मुलींवर भाळणे आहे. शेवट माहीत असलेल्याने तो शेवट मधेच पेरू नये, एवढे पथ्य ऐकणाऱ्याने पाळावे.

आता आवाजाविषयी. मराठी श्रोत्याचा कान नाट्यसंगीतावर, भावगीतावर घडलेला असेल तर थंडर्सचे गाणे पहिल्या कडव्यातच अडखळायला लावते, कारण तो सुराला पोहोचता पोहोचता थोडा खालीच थांबतो आणि लांबवलेल्या स्वराला टिकवण्याऐवजी सोडून देतो. याचे समर्थन करण्याच्या फंदात मी पडणार नाही. तो बेसूर होतो तेव्हा बेसूरच होतो. मात्र त्याचे लयीतले स्थान पाहावे. हाताने चार मात्रांचा ठेका धरावा आणि शब्द समेवर पडतो की समेनंतर, एवढेच काही ओळींपुरते मोजावे. तो बहुतेक वेळा किंचित मागे पडून गातो आणि ओळीचा शेवट घाईने उरकतो. बोलताना थकलेला माणूस जसे वाक्य टाकून देतो, तशी ही फेक आहे. ती एकदा ऐकू आली, की सुराची तक्रार पूर्ण मिटत नाही, पण दुय्यम होते.

गिटारही याच नियमाने चालते. त्याच्या हातात बहुधा फिकट पिवळ्या रंगाची गिब्सन लेस पॉल ज्युनियर असे. ही त्या कंपनीने शिकाऊ वादकांसाठी काढलेली स्वस्त गिटार होती. तिला एकच पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग), तोही तारा जिथे पुलावर टेकतात त्याच्या लगत बसवलेला. पी-९० जातीच्या या एकेरी गुंडाळीच्या पिकअपचा नाद दुहेरी गुंडाळीच्या पिकअपपेक्षा अधिक धारदार आणि उघडा असतो, त्यात चुकीचा आघात लपत नाही. थंडर्स तार जोराने खेचतो, स्वर वर नेतो आणि तो नेमक्या जागी पोहोचण्याआधी दुसऱ्या तारेवर उडी मारतो. शिस्तीच्या वादकाला हे खटकेल. माझ्या मते मात्र गळा आणि बोटे एकाच तऱ्हेने बोलणारे वादक फार थोडे असतात आणि हा त्यांपैकी एक होता.

पहिल्या खेपेला वर सांगितलेले पथ्य सांभाळून नुसते ऐकून घ्यावे. गाण्यांचे शब्द समोर ठेवून वाचू नयेत. क्वीन्सचा उच्चार आणि गिळलेली अक्षरे यांमुळे बरेच काही निसटेल, निसटू द्यावे. दुसऱ्या खेपेपासून खालची माहिती उपयोगी पडेल.

अल्बम उघडतो तो 'पाइपलाइन'ने, आणि या गाण्यात गाणेच नाही. गायकाच्या पहिल्या एकल अल्बमची सुरुवात त्याच्या आवाजाशिवाय व्हावी, ही निवड साधी नाही. ही धून कॅलिफोर्नियाच्या 'शान्टेज' या शाळकरी पोरांच्या बँडने बसवली आणि १९६३ मध्ये ती अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याच्या खेळाभोवती जे वाद्यसंगीत तेव्हा फोफावले होते, त्यातली ही अग्रगण्य धून. मूळ ध्वनिमुद्रण शोधून लगेच आधी ऐकावे. त्यात जाड तारेवरून खाली येणारी घसीट आहे, ओलसर घुमारा आहे, विजेच्या पियानोचा नाजूक साज आहे. थंडर्स घसीट तशीच ठेवतो आणि बाकी ओलावा पुसून टाकतो. लाटेच्या जागी भुयारी रेल्वेचा खडखडाट येतो. चाल तीच, आघात निराळा. बंदिश ओळखीची असावी आणि ती कोणाच्या गळ्यातून येते आहे हे पहिल्या आवर्तनात कळावे, या आपल्या सवयीच्या आनंदाशी हा आनंद फार जवळचा आहे. पुढे त्याच्या कार्यक्रमांची सुरुवातही अनेकदा याच धुनेने होत असे.

लगेच दुसऱ्या क्रमांकावर 'यू कान्ट पुट युअर आर्म्स अराउंड अ मेमरी' येते. आठवणीला मिठी मारता येत नाही, असा शीर्षकाचा अर्थ. हे वाक्य 'द हनीमूनर्स' या १९५० च्या दशकातल्या अमेरिकी दूरचित्रवाणी विनोदी मालिकेतल्या एका संवादावरून आले असे सांगितले जाते. विनोदी मालिकेतली ओळ उचलून त्याने आपले सर्वांत दुखरे गाणे बांधले, ही गोष्ट मला त्या गाण्याइतकीच आवडते. आधीच्या धुनेचा धडाका संपल्यावर हे गाणे इतके उघडे वाटते, की श्रोता नकळत आवाज वाढवतो, वाढवू नये. गाण्याची चाल मोजक्या स्वरावलींवर फिरते, तिच्यात पकडून ठेवण्यासारखी कसलीही कारागिरी नाही. लक्ष द्यावे ते वाद्ये कशी वाढत जातात याकडे आणि वरच्या स्वराला जाताना गळा जिथे फाटतो त्या जागांकडे. त्या जागा दुसऱ्या एखाद्या निर्मात्याने पुन्हा गाऊन घेतल्या असत्या. निर्माता होता तेवीस वर्षांचा स्टीव्ह लिलीव्हाइट, जो पुढे 'यू टू' या बँडच्या पहिल्या अल्बमांमुळे जगभर ओळखला गेला. थंडर्ससह निर्मितीचे श्रेय त्याच्याकडे आहे. त्याने वाद्ये एकमेकांपासून सुटी ठेवली, प्रत्येकाला हवा दिली आणि गळा मात्र जसा होता तसा राहू दिला. 'एल.ए.एम.एफ.'च्या गढूळ मिश्रणातले एखादे गाणे या पाठोपाठ ऐकले, तर लिलीव्हाइटने नेमके काय केले हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे गाणे पुढे इतरांनीही गायले. 'गन्स एन् रोझेस'ने १९९३ मध्ये ते घेतले तेव्हा त्यांच्या नेहमीच्या गायकाऐवजी बेसवादक डफ मॅकेगन गायला. तेही ऐकावे. तो थंडर्सपेक्षा सुरात आहे.

तिसरे गाणे 'ग्रेट बिग किस'. इथे जरा रेंगाळावे, कारण उसनवारीचा सगळा धागा याच गाण्यात सापडतो. १९६४ मध्ये 'शांग्री-लाज' या न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या मुलींच्या गायनचमूने ते 'गिव्ह हिम अ ग्रेट बिग किस' या नावाने प्रथम गायले. लिहिले होते शॅडो मॉर्टन याने. मुली मैत्रिणीला तिच्या मित्राबद्दल प्रश्न विचारतात, ती तोऱ्यात उत्तरे देते आणि या बोलण्यातून गाणे पुढे सरकते. थंडर्सही क्वीन्सचाच, आणि मूळ गाणे आले तेव्हा बारा वर्षांचा. १९७३ मध्ये डॉल्सने आपल्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्याची सुरुवात या गाण्यातल्या बोललेल्या ओळीनेच केली. १९७४ मध्ये दुसऱ्या अल्बमसाठी निर्माता म्हणून खुद्द मॉर्टनला गाठले. आणि १९७८ मध्ये थंडर्सने आख्खे गाणेच उचलले. त्याने भूमिका मात्र उलटवली: आता उत्तरे देतो मुलगा, आणि सोबत आवाज आहे पॅटी पॅलाडिन हिचा, जी त्याच्यासारखीच न्यूयॉर्क सोडून लंडनला आलेली होती. सॅक्सोफोन जॉन अर्लचा. आधी १९६४ चे मुद्रण, मग हे, असे लागोपाठ ऐकल्यावर लक्षात येते की थंडर्स थट्टा करत नाही. पंक म्हणजे जुन्या गोष्टींची खिल्ली, ही समजूत ज्यांच्या मनात पक्की आहे त्यांनी हे गाणे आवर्जून दोनदा ऐकावे. त्याला ते गाणे मनापासून आवडते आणि आवड लपवण्याइतका तो चलाख नाही. पॅलाडिन आणि थंडर्स यांनी दहा वर्षांनंतर, १९८८ मध्ये, 'कॉपी कॅट्स' नावाचा आख्खा अल्बमच दुसऱ्यांच्या गाण्यांचा केला. त्याचे बीज इथे आहे.

'आस्क मी नो क्वेश्चन्स' हे चौथे गाणे मला कधीच पूर्ण पटलेले नाही, त्यामुळे त्याबद्दल शिफारस करत नाही. पाचवे, 'लीव्ह मी अलोन', हे वस्तुतः डॉल्सच्या दुसऱ्या अल्बममधले 'चॅटरबॉक्स' आहे. शब्द बदलले, अंग तेच. 'चॅटरबॉक्स' डॉल्सच्या मुद्रणातही थंडर्सनेच गायले होते, म्हणून चार वर्षांत गळ्याचे काय झाले हे तपासायला याहून सोपी जोडी नाही. पूर्वी तो ओरडत होता. आता ओरडणे आहेच, पण शब्दांवर वजन आले आहे.

इथे तबकडी उलटायची.

दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे 'डॅडी रोलिन् स्टोन'. ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने ते १९५३ मध्ये मुद्रित केले. एल्व्हिस प्रेस्लीची 'डोन्ट बी क्रूएल' आणि 'ऑल शुक अप' ही गाणी लिहिणारा तो हाच. १९६५ मध्ये 'द हू' या लंडनच्या बँडनेही हे गाणे गायले होते, म्हणजे अमेरिकेतून इंग्लंडला गेलेले हे गाणे एका अमेरिकी माणसाने इंग्लंडमध्येच पुन्हा हाती घेतले. कडवी तिघांनी वाटून घेतली आहेत. पहिले थंडर्सचे. दुसरे फिल लिनट याचे, जो 'थिन लिझी' या आयरिश हार्ड रॉक बँडचा प्रमुख होता. तिसरे स्टीव्ह मॅरियट याचे, ज्याने १९६० च्या दशकात 'स्मॉल फेसेस' आणि नंतर 'हंबल पाय' गाजवले.

१९७८ च्या लंडनमध्ये ही बैठक किती विजोड होती हे ध्यानात घ्यायला हवे. पंकच्या पोरांनी आधीच्या पिढीतल्या रॉक ताऱ्यांना म्हातारे, फुगलेले, कालबाह्य ठरवून झाले होते, आणि इथे पंकचा एक मूळपुरुष त्या पिढीतल्या मॅरियटला आपल्या अल्बमवर एक कडवे देतो. ऐकताना तीन गळ्यांचा पोत तपासावा. थंडर्सचा गळा नाकातून येणारा आणि खरखरीत. लिनटचा खोल, गुळगुळीत, जवळजवळ बोललेला. आणि मॅरियटचा असा, की तो सुरू होताच आधीचे दोघे हौशी वाटू लागतात. खोलीत आपल्यापेक्षा चांगले गाणारा माणूस आहे हे थंडर्सला ठाऊक होते, तरी शेवटचे कडवे त्याने त्यालाच दिले. एकल अल्बम काढणाऱ्या माणसाची मोकळी वृत्ती मला या एका वाटणीत जितकी दिसते तितकी अल्बममध्ये दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

पुढचे 'लंडन बॉइज' ऐकण्यापूर्वी सेक्स पिस्टल्सच्या १९७७ च्या अल्बममधले 'न्यूयॉर्क' ऐकणे भाग आहे, अन्यथा अर्धा विनोद हुकतो. पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन याने १९७५ च्या सुरुवातीला काही काळ डॉल्सचे काम पाहिले होते, आणि पिस्टल्सनी 'न्यूयॉर्क'मध्ये डॉल्सचीच यथेच्छ टिंगल केली. 'लंडन बॉइज' हे थंडर्सचे त्याला उत्तर. गंमत अशी, की या उत्तरात गिटार वाजवतो स्टीव्ह जोन्स आणि ढोल वाजवतो पॉल कुक. म्हणजे ज्या हातांनी 'न्यूयॉर्क' वाजवले त्याच हातांनी त्याचे उत्तरही वाजवले. पिस्टल्स जानेवारी १९७८ मध्ये फुटले होते आणि दोघे मोकळे होते. भांडण गायकाचे, वादकांना वाजवायला मिळाले की पुरे, असा काहीसा व्यवहार यात दिसतो. दोन्ही गाणी पाठोपाठ लावून फक्त ढोल ऐकावे. कुकचा ठेका दोन्हीकडे तसाच ठाम, अलंकारहीन, जराही न हलणारा आहे. त्यावर पिस्टल्समध्ये गिटारांची भिंत उभी राहते, तर इथे थंडर्स त्याच ठेक्यावर डुलतो. कुक आणि जोन्स लिनटच्या सोबतीने पुढेही 'द ग्रीडीज' या नावाने एकत्र आले, त्यामुळे ही ओळख एका अल्बमपुरती नव्हती.

'अनटचेबल' हे हळवे गाणे आहे. ते रात्री ऐकावे, याखेरीज त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

शेवटची दोन गाणी डॉल्सच्या दिवसांतली आहेत. 'सबवे ट्रेन' १९७३ च्या पहिल्या अल्बममध्ये होते आणि तिथे ते डेव्हिड जोहॅन्सनने गायले होते. गाणे दोघांनी मिळून लिहिलेले. जोहॅन्सन अभिनय करणारा गायक, प्रत्येक शब्द चघळून, डोळा मारून म्हणणारा. थंडर्सला तसे जमत नाही आणि तो जमवायलाही जात नाही. त्यामुळे त्याच शब्दांतला नाटकीपणा गळून पडतो आणि गाडी खरोखरच कुठेतरी निघाल्यासारखी वाटते. कोणती आवृत्ती सरस, याबद्दल माझे मत दर दोन वर्षांनी बदलते. 'डाउनटाउन'ने अल्बम संपतो. मोठा समारोप करावा असे त्याला वाटलेले दिसत नाही.

अल्बमवरच्या पाठीमागच्या आवाजांत एक आवाज क्रिसी हाइंड हिचा आहे, हेही लक्षात असू द्यावे. ती मूळची अमेरिकेतल्या ओहायोची आणि तेव्हा तिचे स्वतःचे एकही मुद्रण बाजारात आलेले नव्हते. तिच्या 'प्रिटेंडर्स' या बँडचे पहिले गाणे जानेवारी १९७९ मध्ये आले, ते याच रिअल रेकॉर्ड्सतर्फे. 'द ओन्ली वन्स' या लंडनच्या बँडचे पीटर पेरेट आणि माइक केली इथे आहेत, 'एडी अँड द हॉट रॉड्स'चे पॉल ग्रे आणि स्टीव्ह निकोल आहेत, हार्टब्रेकर्सचे ल्यूर आणि रॅथ आहेत. ही नावे पाठ करायची गरज नाही, पण यांपैकी एखाद्याचे वाजवणे आवडले तर त्याच्या बँडकडे वळण्याची वाट या अल्बममधून जाते, आणि मी स्वतः पेरेटपर्यंत अशाच वाटेने पोहोचलो.

तिसऱ्या खेपेसाठी एक छोटी उजळणी सुचवतो. शान्टेजची 'पाइपलाइन', शांग्री-लाजचे 'गिव्ह हिम अ ग्रेट बिग किस', डॉल्सची 'चॅटरबॉक्स' आणि 'सबवे ट्रेन', ब्लॅकवेलचे 'डॅडी रोलिंग स्टोन' आणि पिस्टल्सचे 'न्यूयॉर्क', एवढी सहा गाणी एका यादीत लावून सलग ऐकावीत आणि पाठोपाठ 'सो अलोन' लावावा. ही सहा गाणी अर्ध्या तासाच्या आतली आहेत. त्यांनंतर थंडर्सचा अल्बम ऐकताना आपण अनोळखी घरात शिरलो आहोत असे वाटत नाही. भिंतीवरच्या तसबिरी कोणाच्या आहेत हे ठाऊक असते.

या अल्बमनंतर थंडर्सचे दुसरे काय ऐकावे, तर १९८३ चा 'हर्ट मी'. त्यात तो जवळजवळ फक्त साध्या लाकडी गिटारवर गातो. पाहुणे नाहीत, पॅलाडिनचे प्रश्न नाहीत, कुकचा ठेका नाही. लय स्वतःच सांभाळावी लागते आणि ती अनेकदा सुटते. ज्यांना थंडर्सचे एकटेपण ऐकायचे आहे त्यांनी तिथे जावे. मला तो अल्बम सलग ऐकवत नाही. दोन-तीन गाण्यांनंतर मी पुन्हा 'सो अलोन'ची दुसरी बाजू लावतो. लिनट ४ जानेवारी १९८६ रोजी गेला. मॅरियट २० एप्रिल १९९१ रोजी घराला लागलेल्या आगीत गेला, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी थंडर्स. 'डॅडी रोलिन् स्टोन'मध्ये मात्र पहिले कडवे संपते, मागून लिनट उचलतो, मग मॅरियट येतो, आणि तिघेही मजेत आहेत हे अगदी स्वच्छ ऐकू येते.